आमची वाटचाल : डंकापासून नाताळच्या चहापर्यंत

दसरा झाला की आमच्याकडे फोन वाढतात आणि संक्रांत झाली की एकदम थांबतात. चहा मसाला आम्ही बाराही महिने विकतो पण खरी कमाई या मधल्या दिवसांची, नाशिकला गुलाबी थंडी पडते, निफाडचा पारा किती उतरला हे लोक उठल्या उठल्या एकमेकांना विचारतात, मग साध्या चहावर कोणाचं भागत नाही. या सीझनला जो मसालेवाला तरला तो वर्षभर तरला. बाकीचे उन्हाळ्यात मिरची-हळद दळून दिवस काढतात. आम्ही मिरची कधीच दळली नाही, का ते पुढे येईलच.

सुरुवात वडिलांच्या किराणा दुकानातून, पंचवटीत. दुकानामागे डंक होता, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, त्यावर वडील गिऱ्हाइकांचा काळा मसाला, गोडा मसाला कुटून द्यायचे. चहाचा मसाला मात्र आई घरी पितळी खलबत्त्यात करायची आणि ओळखीच्यांना पुडीत बांधून द्यायची, त्याचंच आम्ही पुढे पाकीट केलं. सुंठ, वेलदोडा, मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ आणि थोडी बडीशेप. प्रमाण सांगणार नाही पण एवढं सांगतो की सुंठ सगळ्यात जास्त आणि जायफळ सगळ्यात कमी.

डंकावरचा मसाला भारी लागतो त्याचं कारण तो तापत नाही. पल्व्हरायझरला, म्हणजे दळायच्या मशीनला, स्पीड असतो, भुकटी गरम होऊन पडते, पिशवीला हात लावला तर चटका बसतो, आणि दळताना जो वास गल्लीभर सुटतो ना, येणारे जाणारे म्हणतात वा काय सुवास, अहो तो पाकिटातून उडून चाललेला माल आहे. वेलचीचं तेल हवेत गेलं की मागे उरतो तो भुसा. पण डंकावर ऑर्डरी पुऱ्या पडेनात म्हणून सातपूरच्या एका बंद पडलेल्या युनिटमधून सेकंडहँड तीन एचपीचा पल्व्हरायझर घेतला, स्टेनलेस स्टीलचा, बिडाचा घेतला असता तर स्वस्तात झालं असतं पण बिडाने मसाला काळपट पडतो. दळण पहाटे पाचला लावायचं, हवा गार असते तोवर. आधी जाड भरड काढायची, ती परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायची, मग बारीक जाळी लावून दुसरी फेरी. जायफळ कधी एकटं टाकायचं नाही, तेलाने जाळी बुजते, ते सुंठीबरोबरच टाकायचं म्हणजे सुंठ तेल धरून ठेवते. सुंठीचे दोरे चाळणीवर राहतात ते फेकून द्यायचे, परत दळून वजन भरायचं नाही, घशाला लागतात ते. आणि या मशीनमध्ये एकदा जरी मिरची गेली तर मग तांदूळ फिरवा नाहीतर काय वाट्टेल ते फिरवा, पुढचे कितीतरी घाणे चहा पिणारा माणूस खोकणार. म्हणून मिरची नाही. नवीन पोरं मशीन घेतात आणि सगळंच दळायला बसतात, त्यांना माझं सांगणं आहे, एक तर चहाचं करा नाहीतर तिखटाचं करा.

धंद्यात आधी आम्ही दोघं होतो. खरेदी आणि दळण माझं, विक्री त्याची. नाव लिहीत नाही, लाईनमधल्या लोकांना माहीत आहे. बोलायला फार गोड, आमच्या सौ. त्याला भाऊजी म्हणायच्या, दुपारचा डबा आमच्याकडचाच. २०१५ च्या सिंहस्थात घाटाकडच्या टपऱ्यांना माल पुरवताना दोघांनाही जेवायला फुरसत नव्हती, ते झालं आणि पुढच्या वर्षी तो वेगळा झाला. वेगळं व्हायला माझी ना नव्हती, प्रत्येकाला स्वतःचं काढावंसं वाटतं. पण जाताना गिऱ्हाइकांची डायरी घेऊन गेला, आणि पाकीट काढलं ते हिरवंच, त्यावर पितळी किटली, आमच्यासारखीच, फक्त तोटी उलट्या बाजूला. दुकानदार शेजारी शेजारी लावायचे. बायका आमचं समजून त्याचं न्यायच्या आणि फोन आम्हाला करायच्या, दादा यंदा मसाल्याला चव नाही हो. किती जणींना मी फोनवर तोटीची बाजू समजावून सांगितली असेल. ते अजून डोक्यातून जात नाही.

बाकी वर्षं नीट चालली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २०१९ चं सांगतो.

आदल्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला होता, इडुक्कीतले वेलचीचे मळे त्यात गेले, आणि वर पुढच्या उन्हाळ्यात तिकडे पाऊस नाही. हजाराच्या आसपासची वेलची दोन हजार झाली, तीन झाली, चार झाली, व्यापारी सकाळी एक भाव सांगायचा आणि संध्याकाळी दुसरा. आमच्याकडे सातपूर-अंबडच्या कंपन्यांची दिवाळी गिफ्ट बॉक्सची कामं होती, त्यांचे भाव अक्षय्य तृतीयेच्या सुमारासच ठरले होते. आणि शनिवारी, ३ ऑगस्टला, केरळातल्या पुट्टडीच्या लिलावात वेलची गेली किलोला ७००० रुपये. मी व्यापाऱ्याला दोनदा विचारलं, एखादं शून्य जास्त तर नाही ना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी गोदावरीला पूर. नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, असे एकामागून एक निरोप येत होते आणि आमचं गोडाऊन भांडी बाजाराच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर. पोती माळ्यावर चढवता चढवता पाणी गुडघ्याला आलं. सुंठ भिजली, मिरी भिजली, दिवाळीसाठी छापून आणलेली पाकिटं भिजली, पल्व्हरायझरच्या मोटरमध्ये गाळ. वेलची तेवढी वाचली, कारण एवढ्या भावाची वस्तू म्हणून सौ. नी ती घरी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती. पाणी ओसरल्यावर सल्ले द्यायला बरेच जण आले, सुंठ वाळवून दळून टाका, कोणाला कळतंय. नाही दळली. भिजलेली सुंठ आतून बुरशी धरते आणि वरून पांढरीशुभ्र दिसते. सगळी घंटागाडीत घातली. विम्याचा माणूस आला, फोटो काढले, गोडाऊन नदीच्या इतकं जवळ का घेतलं म्हणून मलाच विचारून गेला. जे काही हातात पडलं त्यात मोटर रिवाइंड झाली, बस.

मग मी कंपन्यांत गेलो. लिलावाचे भाव दाखवले, म्हणलं थोडे वाढवून द्या, मी नफा सोडतो पण माल हलका करत नाही. तर आमचे भाऊजी माझ्या आधीच तिथे येऊन गेलेले. आमच्या जुन्या भावात, वर पाकिटामागे पाच रुपये कमी! त्या वर्षीच्या वेलचीत हा हिशोब बसतच नाही, कोणीही मसालेवाला सांगेल. बाजारात तेल काढून घेतलेली वेलची मिळते, दिसायला ठीक, पण दाणा चावला की नुसता चोथा. त्यात एसेन्स मारलं की पाकीट उघडताना घमघमाट, आणि चहाला उकळी आली की वाफेबरोबर सगळं खलास. एका कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांना मी त्यांच्याच पँट्रीत दोन कप करून दिले, एक त्याच्या मसाल्याचा एक आमच्या. प्यायले. म्हणाले, फरक आहे, पण कामगारांना कुठे कळतो. अहो सातपूरचा कामगार, तिन्ही शिफ्टला टपरीवर उभं राहून चहा पिणारा माणूस, त्याला चहा कळत नाही? मी काही न बोलता माझं पाकीट उचललं आणि आलो. कामं गेली ती गेली. त्या दिवाळीला आमच्याकडे छापलेले रिकामे बॉक्स पडून होते आणि वेलचीचं देणं डोक्यावर.

तेव्हा उभं केलं ते दोन गिऱ्हाइकांनी.

एक निमाणी स्टँडजवळचे टपरीवाले काका. वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांची मसाला बघायची पद्धत अशी की नुसत्या उकळत्या पाण्यात चिमूटभर टाकायचा, चहापत्ती नाही, दूध नाही, साखर नाही, झाकण ठेवायचं, मग झाकण उचलून आधी वास घ्यायचा आणि मग घोट. दूध-साखरेत वाईट मसाला लपतो, पाण्यात लपत नाही. मी आजही प्रत्येक घाणा तसाच बघतो. पूर ओसरल्यावर ते स्वतः आले, कॅरीबॅगेत गुंडाळलेल्या नोटा काढल्या, आख्ख्या थंडीचा ॲडव्हान्स. म्हणाले, "वेलची कमी करू नको बाबा. मी चिमूट लहान घेईन, तू मसाला हलका करू नको." टपरीवर भट्टीच्या धगीत उभं राहून कमावलेला पैसा होता तो. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते या माणसाने केलं.

दुसऱ्या शरणपूरच्या काकू. नाशिकच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, शरणपूर ही आमच्याकडची जुनी ख्रिस्ती वस्ती, नाताळात तिकडे घराघरावर चांदण्या लागतात आणि रात्री गाणी म्हणत मंडळी दारोदार फिरतात. त्यांना थंडीत काहीतरी गरम द्यायचं तर काकूंकडे बिनदुधाचा चहा असायचा, संत्र्याची साल, लवंग आणि दालचिनीचा. आधी त्या फक्त लवंग-दालचिनी न्यायच्या आमच्याकडून. पुढे एकदा वाळवलेल्या साली बिस्किटाच्या डब्यात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, दादा हे सगळं एकत्र करून पाकीट का नाही करत तुम्ही? तिथून आमचा नाताळचा चहा चालू झाला.

करायला दिसतो सोपा, पण नाही. आंबिया बहाराची नागपुरी संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात तेव्हाची साल लागते. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढावा लागतो, तो राहिला की कडू. सावलीत वाळवायची, कडक उन्हात घातली तर रंग आणि वास दोन्ही जातात. बोटांत धरून वाकवली आणि कट्कन मोडली तरच डब्यात, नुसती वाकली तर अजून ओली आहे, आठवड्यात बुरशी. ही साल दळायची नाही, कात्रीने तुकडे करायचे. दालचिनी पातळ सालींची एकात एक गुंडाळलेली घ्यायची, जाड सालीची स्वस्त मिळते ती चहात तुरट उतरते. लवंग नखाने दाबून बघायची, नखाला तेल लागलं पाहिजे. आणि चहा सीटीसी, म्हणजे नेहमीचा दाणेदार, नाही चालत, दूध नसल्यावर तो जिभेला ओढतो, पानाचा चहा लागतो. एक लिटर पाण्याला एका संत्र्याची साल, पाच-सहा लवंगा आणि बोटाएवढी दालचिनी, दहा मिनिटं मंद आचेवर, मग गॅस बंद करून दोन चमचे चहा, झाकण, तीन-चार मिनिटांत गाळायचा. साखर किंवा गूळ नंतर. यात वेलची नाही हे लक्षात घ्या. त्या वर्षी सात हजाराच्या वेलचीने आमचा गळा धरला होता आणि या चहाला वेलची लागतच नव्हती.

काकूंनी त्या डिसेंबरला घरोघरी जाऊन ऑर्डरी गोळा केल्या. वहीत लिहून आणल्या, कोणाची किती, कोणाचे पैसे आले, कोणाचे बाकी. मुंबई-पुण्याला असलेल्या नातेवाइकांच्या पण. दिवाळीचे जे रिकामे बॉक्स पडले होते त्यावरच लाल फीत बांधून त्यात हा चहा गेला. वेलचीवाल्या व्यापाऱ्याचं देणं त्यातूनच फिटलं, नवीन वर्ष लागायच्या आत.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुक्याचा काढा सांगितला, मग काय, ज्याच्या त्याच्या हातात काढ्याचं पाकीट. आम्हीही केला, विकला, चांगला चालला, पुढे लोकांचा उत्साह ओसरला आणि काढे काढणारे पण गेले. आता गोडाऊन नदीपासून लांब आहे, म्हसरूळला, पहिल्या मजल्यावर. वेलची नंतर उतरली. डंक अजून आहे, काकांच्या टपरीचा माल त्यावरच होतो.

विचारत नाही कोणी पण सांगतो. मसाल्याचा डबा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, खाली अंधारात काचेच्या बरणीत ठेवा. मसाला सगळ्यात शेवटी टाका, झाकण ठेवून दोन मिनिटं, बास. आलं घालणार असाल तर ते आधी पाण्यात चांगलं उकळा मग दूध घाला, कच्च्या आल्याने दूध फाटतं आणि लोक आम्हाला फोन करतात की तुमच्या मसाल्याने फाटलं. सुंठीने फाटत नाही. आणि वेलची नेहमी अख्खी घ्या, आयती पूड घेऊ नका, आमच्याकडून सुद्धा.

भाऊजींचा मागच्या थंडीत फोन आला होता. त्याचं मशीन बंद पडलंय, संत्र्याचा चहा त्यालाही काढायचाय, माल तू बनवून दे, पाकीट माझं. मी म्हणलं, देतो, पण पैसे सगळे आधी आणि पाकिटावर किटली नको. म्हणाला विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. इकडे काकूंची मुलगी यंदापासून वही सांभाळते, तिला लवंग थोडी कमी हवी आहे, लहान मुलांना तिखट लागतो म्हणे. तिला सांगितलंय, लवंग कमी होणार नाही, मुलांसाठी पाणी वाढव. ऑर्डरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्या, साल वाळायला वेळ लागतो आणि ओली आम्ही भरत नाही.