आमची वाटचाल: इंदूरमधला मेल सर्व्हरचा धंदा

आमचा धंदा मेल सर्व्हर लावून देण्याचा आणि मग तो सांभाळण्याचा. लोकमान्य नगरच्या घरातली पुढची खोली आणि सिल्व्हर मॉलमधून सुटे भाग आणून जुळवलेली मशीन, एवढ्यावर सुरुवात झाली. मराठी घरात नोकरी सोडून धंदा म्हटल्यावर जे ऐकावं लागतं ते सगळं ऐकलं.

पहिली गिऱ्हाइकं सांवेर रोडची. औषधांचे छोटे कारखाने, पॅकिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले. ईमेल कंपनीच्या नावाचा हवा, पण माणशी दर महिन्याला पैसे मोजायची तयारी नाही. शिवाय सेल्समन सारखे बदलणार, म्हणून पत्ता उघडणं-बंद करणं ऑफिसातल्या कारकुनाला ब्राउझरमधून जमलं पाहिजे. म्हणजे मेलबॉक्सची यादी डेटाबेसमध्ये हवी, आणि तिथेच घोडं अडायचं. तेव्हा सगळीकडे सेंटओएस 5 हे लिनक्स होतं, आणि त्यातलं पोस्टफिक्सचं, म्हणजे मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नेहमीचं तयार पॅकेज मायएसक्यूएल या डेटाबेसचा आधार न घालताच बांधलेलं असायचं. वीत्से व्हेनेमांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलेलं, 1998 मध्ये खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर मायएसक्यूएल वाचू शकतं, पण बांधतानाच तसं सांगावं लागतं. मग सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून घ्यायचा आणि त्यातून चालणारा प्रोग्राम आपणच बांधायचा.

पोस्टफिक्सला बांधणीची तयारी आपोआप करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट नाही. 'मेक मेकफाइल्स'च्या ओळीतच मायएसक्यूएलच्या हेडरचा आणि लायब्ररीचा रस्ता द्यायचा. 64 बिट मशीनवर लायब्ररी लिब64 मध्ये असते. सवयीने नुसतं लिब लिहिलं की सगळं कंपाइल होऊन लिंकर, म्हणजे तुकडे जोडणारा प्रोग्राम, ऐनवेळी हात वर करतो. रस्ता सुधारला की आधी जुनी बांधणी पुसणारं 'मेक टायडी', मग पुन्हा पहिल्यापासून. पोस्टफिक्स नावाचा युजर आणि पोस्टड्रॉप नावाचा ग्रुप आधी करून ठेवायचा, त्या ग्रुपात दुसरं कुणी नको. 'मेक इन्स्टॉल' झालं की 'पोस्टकॉन्फ -एम' मारायचं; पोस्टफिक्सला कुठल्या प्रकारच्या याद्या वाचता येतात ते त्यात दिसतं. यादीत मायएसक्यूएल दिसलं तरच चहा.

एका कारखान्यात कुणीतरी रात्री 'यम अपडेट', म्हणजे सेंटओएसची पॅकेजं नवी करणारी आज्ञा, चालवली. आम्ही बांधलेल्या फाइलींवर पॅकेजच्या फाइली बसल्या आणि सकाळी लॉगमध्ये एकच रड: 'अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप: मायएसक्यूएल', म्हणजे मायएसक्यूएल वाचता येत नाही. शेटजींचा फोन, "भिया, एक भी मेल नहीं आया!" मेल हरवले नव्हते. घेणारा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारे सर्व्हर साधारण पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. दुपारपर्यंत सगळे आले. तेव्हापासून यमच्या कॉन्फिगमध्ये पोस्टफिक्स वगळणं आणि मेकची पूर्ण ओळ छापून कॅबिनेटच्या आत चिकटवणं हा आमचा शिरस्ता झाला. ती ओळ हीच त्या सर्व्हरची जन्मपत्रिका.

पुढे क्लाउड आलं आणि बरीच गिऱ्हाइकं तिकडे गेली. पाच माणसांच्या ऑफिसने जावंच, आम्हीही तसंच सांगितलं. ज्यांच्याकडे पत्ते पुष्कळ आणि मेल आपल्याच आवारात ठेवायचा आग्रह, ते टिकले. आता काम जास्त डीएनएसचं, म्हणजे डोमेनच्या नावापुढच्या नोंदींचं. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, नीट नसतील तर पेमेंटचं स्मरणपत्रसुद्धा स्पॅममध्ये जातं, आणि ते कुठल्याही शेटजींना परवडत नाही.

सोर्समधून बांधायची वेळ आता क्वचित येते. पोस्टफिक्स 3.0 पासून, म्हणजे 2015 पासून, डेटाबेसचे भाग वेगळे जोडता येतात आणि डेबियन या लिनक्समध्ये मायएसक्यूएलचं पॅकेज एका ओळीत बसतं. मिळत असेल तर पॅकेजच घ्यावं, कारण हाताने बांधलेल्याचे सुरक्षा अपडेट आपले आपणच बघायचे असतात, आणि ते दिवाळीतही येतात. तरी नव्या मुलाला आम्ही एकदा सोर्समधून बांधायला बसवतोच. लॉगमधली ओळ वाचून दचकायचं नाही, एवढं तरी त्यात शिकून होतं.

सध्या बर्कली डीबीचं काम आहे. पोस्टफिक्सच्या 'हॅश' प्रकारच्या याद्या या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवलेल्या असतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 10 मधून ते गेलं, म्हणजे जुन्या कॉन्फिगमधलं प्रत्येक 'हॅश' शोधून तिथे 'एलएमडीबी' हा दुसरा प्रकार करायचा आणि याद्या नव्याने बनवणारं पोस्टमॅप पुन्हा चालवायचं. पीथमपूरच्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर रविवारी घेतोय, कारखाना बंद असतो तेव्हा.