ब्रश कटर डायरी: हवा कुठून शिरत होती ते सापडलं

सापडलं एकदाचं! माझ्या ब्रश कटरच्या, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला ब्लेड असलेल्या झुडपं कापायच्या टू-स्ट्रोक मशीनच्या, फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाच्या) मागचं ऑइल सील. गरम झालं की बंद पडायचा जो रोग पावसाळ्यापासून छळून राहिला होता, त्याचं मूळ एवढ्याशा रबरी कड्यात निघालं. काल पांदणीत (शेताकडच्या वाटेत) मशीन टाकी रिकामी होईस्तोवर चालली. रायमुनीचा (घाणेरीचा) मोठा पट्टा आडवा झाला, आणि आता हे लिहायला बसलो आहे.

लक्षणं ही डायरी आधीपासून वाचणाऱ्या मंडळींना पाठ आहेत, तरी थोडक्यात. थंड मशीन चोक लावून झटक्यात सुरू. पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास. मग ट्रिगर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, आयडलवर ब्लेड फिरतच राहते, आणि पुढच्या जाड बुंध्याला लावली की भप्प. सावलीत थंड होऊ दिली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू.

मागच्या वेळी या रोगाबद्दल इथे लिहिलं तेव्हा निम्म्या लोकांनी पेट्रोलवर बोट ठेवलं होतं. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून सगळा दोष इथेनॉलचा, असा सूर आहे. म्हणून मोजून पाहिलं. मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, त्यात १० मिली पाणी, तोंड बंद करून हलवलं आणि ठेवून दिलं. खालचा थर १० वरून जवळपास ३० पर्यंत चढला, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं. ते टाकीतही होतं. अर्धी भरलेली टाकी महिनाभर पडली, आत पुरेसं पाणी साचलं, की पाणी आणि इथेनॉल तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारा वजनदार फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, म्हणजे इंजिन तळातून जे पितं त्यात ऑइल नसतं. शिळं मिश्रण वापरू नका हे ओरडून सांगतो ते यासाठी. पण ताज्या पेट्रोलवरही मशीन तशीच बंद पडत होती, तेव्हा या गुन्ह्यातून इथेनॉलची सुटका. पेट्रोलची जुनी नळी मात्र त्यानेच कडक केली असावी असा माझा संशय आहे. ती आणि फिल्टर आधीच बदलून झालं होतं.

मग टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा येऊ देणारं छिद्र). तो चोंदला असेल तर झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज येतो आणि मशीन लगेच उठते. इथे फुस्सही नाही, फरकही नाही. सायलेन्सरमधली स्पार्क अरेस्टरची (ठिणग्या अडवणारी) जाळी काढली तर काजळीने बुजलेली. गॅसवर लाल करून झटकली, पुन्हा बसवली. ताकद परत आली, याचा आनंद दोन दिवस पुरला, पण रोग कायम. ठिणगी देणारी कॉइल गरम होऊन मरते का, हे बघायला बंद पडल्या पडल्या प्लग काढून बॉडीला टेकवला आणि दोरी ओढली. चांगली निळी ठिणगी. कॉइल निर्दोष. कार्ब्युरेटरला दुरुस्तीचं किट टाकलं, नवा डायफ्राम, आतली बारीक जाळी साफ. तरी तेच.

खरा सुगावा एच स्क्रूने (जास्त वेगातलं पेट्रोल कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) दिला. तो अर्धा फेरा उघडला तर मशीन जास्त वेळ चालली. म्हणजे मिश्रणात हवा जास्त होत होती, आणि कार्ब्युरेटर सोडून दुसरीकडून कुठून तरी येत होती. बहुतेक दुकानांत काम इथेच थांबतं: स्क्रू उघडून देतात, मशीन धूर काढत चालते, गिऱ्हाईक खूश. एका दुकानात तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला, नवं सिलिंडर किट टाका, असं ऐकवलं. बोअर गेलेला नव्हता. दोरीच्या मुठीला धरून मशीन लटकवली तर कॉम्प्रेशनवर तशीच टांगून राहत होती, आणि सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पाहिलं तर पिस्टनवर एकही उभा ओरखडा नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच येतं. जास्तीची हवा घुसली की उष्णता वाढते आणि ऑइलचा वाटाही घटतो. असंच चालवत राहिलो असतो तर बोअर खरंच गेला असता.

हवा कुठून शिरते हे शोधायला क्रँककेसचं (सिलिंडरखालच्या बंद पेटीचं) प्रेशर तपासायचं तर गेज लागतो. आईचं जुनं, काट्याचं बीपी यंत्र कपाटात पडून होतं (तिला आता डिजिटल मिळालंय). त्याचा फुगा, झडप आणि काटा. ३०० चा आकडा म्हणजे साधारण ०.४ बार. एवढ्याशा इंजिनाला तेवढं प्रेशर पुरतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा एक्झॉस्टवर ठेवून वरून सायलेन्सर कसला. इनटेकच्या तोंडावर रबर लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी, तिला एक निपल. पिस्टन वर आणून ठेवला, म्हणजे इनटेक थेट क्रँककेसमध्ये उघडतं. मग फुगा दाबायचा.

शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून हे बघत होते. म्हणाले, "तिले दमा हाये आन् तू बीपी मोजून राह्यला का बे?"

काटा २५० वर नेला आणि हात काढला. २५०, २२०, १८०... डोळ्यांदेखत खाली. जॉइंटला भांडी घासायच्या साबणाचा फेस लावला, तिथे काही नाही. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधल्या इन्सुलेटर ब्लॉकला काही नाही. स्टार्टरकडचं सील कोरडं. मग क्लचची घंटी उतरवून फ्लायव्हीलच्या मागे पिचकारीने फेस मारला, आणि शाफ्टच्या कडेने बारीक फुगे एकामागून एक वर यायला लागले. थंड इंजिनात एवढं, तर गरम झाल्यावर किती, विचार करा. काकांनाही बोलावून दाखवले. त्यांनी तंबाखू मळता मळता मान डोलावली, ही आमच्याकडची मोठी दाद.

फ्लायव्हील काढताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्टार्टरची जुनी नायलॉन दोरी आत सोडा. सुतळी नको, तिचे तंतू आत राहतात. नट सुटल्यावर पुलरच लावा. पेचकस घालून उचकटाल तर केसिंग गेलं समजा. सीलसाठी मॉडेलचं नाव सांगत कंपनीच्या पार्टची वाट पाहू नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही आकडे सीलवरच कोरलेले असतात. ते घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटकडच्या एका बेअरिंगच्या दुकानात गेलो, आणि एका वडापावच्या भावात चांगल्या रबराचं मिळालं. दोन्ही बाजूंची घेतली. ओठाची बाजू आत, ओठाला थोडं ऑइल, आणि मापाचा सॉकेट ठेवून हलक्या हाताने ठोकत नेलं. कॉइल परत बसवताना मॅग्नेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड ठेवलं, सुमारे ०.३ मिमी गॅप त्यातून मिळतो. पुन्हा फुगा दाबला. काटा २५० वर गेला तो तिथेच. चहा झाला, काकांचा तंबाखू संपला, काटा तिथेच. एच स्क्रू मग परत आत घेतला आणि ट्यूनिंग शून्यापासून केलं.

इंजिन उघडलंच होतं तर एक गंमत. स्टिकरवर ५२ सीसी लिहिलंय, केसवर कोरलंय १ई४०एफ-५. म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४० मिमी. ३४ च्या स्ट्रोकला (पिस्टनच्या चालीला) हिशोब ४२.७ सीसी होतो. ५२ वाल्याचा बोअर ४४ असतो. नवीन घेणाऱ्यांनी स्टिकर न वाचता लोखंड वाचावं. ऑइलचं म्हणाल तर या स्वस्त इंजिनांना मी लिटरला ४० मिली, म्हणजे २५:१ च देतो. ५०:१ चा सल्ला चांगल्या ब्रँडच्या मशीनला त्यांच्याच ऑइलवर ठीक आहे, इथे नको.

ठरलं असं होतं की अॅग्रोव्हिजनमध्ये (नागपूरच्या कृषी प्रदर्शनात) फोर-स्ट्रोक बघायची आणि ही विकून टाकायची. आता विकत नाही. पांदणीसाठी हीच. सायकल-हँडल, सरळ दांडा, ८० दातांचं ब्लेड. पाठीवरच्या मशीनला ब्लेड लावून रायमुनीत शिरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ब्लेडला घड्याळ मानलं तर त्याचा बारा ते तीनच्या मधला भाग बुंध्याला टेकला की झटका बसतो, आणि लवचिक दांड्यात तो आवरायला हाताशी काहीच नसतं. फोर-स्ट्रोक घेईन ती संत्र्याच्या बागेतल्या गवतासाठी. ३५ सीसीचं होंडा जीएक्स३५ इंजिन मनात आहे. मिश्रणाची कटकट नाही, १०० मिली १०डब्ल्यू-३० ऑइल भरा आणि वेळेवर बदला. वजन थोडं जास्त, चालेल.

पण बाग म्हटल्यावर लिहिता लिहिताच एक गोष्ट खटकून राहिली. नायलॉनची तार बुंध्याला घासली की साल निघते, आणि जमिनीलगतची जखम म्हणजे डिंक्याच्या (बुंध्यातून डिंक गळायच्या रोगाच्या) फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूला आवतणच. काळ्या मातीत ओल टिकते, त्यात तर जास्तच. तेव्हा नवी योजना: बुंध्याभोवती हातभर गोल विळ्याने काढायचं, मशीन त्याच्या बाहेरच. ज्या झाडांना आधीच खरचटलंय त्यांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). हे गोल आधी करून मगच फोर-स्ट्रोकचे पैसे मोजतो. कदाचित विळ्यानेच इतकं काम होईल की मशीन पुढच्या वर्षावर जाईल, बघू.

पांदणीतही मशीनवर सोपवून भागणार नाही. जमिनीवरून कापलेली रायमुनी पहिल्या ओलीला पुन्हा फुटते. मुख्य मूळ मातीखाली बोटभर तोडून उपटावं लागतं. म्हणून पुढे मी ब्लेड मारत जाणार आणि मागून एक माणूस कुदळ घेऊन, पराट्या (कापसाची वाळलेली झाडं) काढायच्या आधी जमेल तेवढं.

बीपीच्या फुग्याचा आणखी एक उपयोग आताच सुचला: कार्ब्युरेटरच्या पेट्रोल निपलला लावून आतली नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसते का ते तपासता येईल. काटा थांबला तर नीडल ठीक. गावातल्या एका मशीनचं पेट्रोल रात्रभर गळतं, तिच्यावर पहिला प्रयोग.

आता राहिला गिअरबॉक्स. कालपासून ब्लेड रिकामं फिरताना बारीक शिट्टी वाजते. लिथियम ग्रीस भरलं, थोडी कमी झाली, गेली नाही. ब्लेडचा नट (उलट्या आट्यांचा, विसरू नका) काढून हाताने हलवलं तर किंचित खेळ लागतो, म्हणजे खालचं बेअरिंग. नुसतं बेअरिंग बदलावं की पूर्ण हेड (गिअरबॉक्स), ठरत नाही. माझा पाइप २६ मिमीचा आणि शाफ्टला ९ दात आहेत. बाजारात ढिगाने मिळतात ती २८ मिमी, ७ दातवाली. नागपुरात किंवा काटोल-कळमेश्वरकडे २६/९ चं हेड कुणाला मिळालं असेल तर दुकान आणि किंमत दोन्ही सांगा.