वांद्र्याचा नाताळ: पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासाठी

नाताळची मुंबई बघायची म्हणून पुण्यातून बरीच कुटुंबं २५ डिसेंबरला निघतात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, एखादा मॉल असं करत संध्याकाळी दमून परत येतात, आणि नाताळ कुठे दिसलाच नाही म्हणतात. दिसणार कसा? तो बघायचा तर वांद्रे पश्चिमेला जायला हवं, आणि शक्यतो २५ ला नाही, २६ ते ३० च्या दरम्यान. गव्हाणीचे, म्हणजे येशूच्या जन्माचे, देखावे सहा जानेवारीच्या, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत हलत नाहीत. कागदी चांदण्या, माळा, मिठाया तोवर सगळं असतं. २४ ची रात्र आणि २५ चा दिवस मात्र तिथल्या माणसांचा घरचा सण असतो. त्या दोन दिवशी तिथल्या हिल रोडवर रिक्षा जागच्या जागी उभ्या राहतात, आणि लहान मुलं-म्हातारी माणसं घेऊन तिथे गेलं की चालणंही होत नाही, बघणंही होत नाही. ३१ ला तर जाऊच नका.

वार बघूनच तारीख ठरवा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, नेमका सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत, म्हणजे आपण पोचतो त्याच वेळेत. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे दर आठवड्याची खास प्रार्थना, असते. माहीम हे दादर आणि वांद्र्याच्या मधलंच स्टेशन, त्यामुळे लोकलला जास्तीची गर्दी होते. सोमवार, मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार मिळाला तर उत्तम.

पुढचा सगळा हिशेब सहा जणांचा आहे: चार मोठे, सात वर्षांचं एक मूल आणि गुडघे दुखणारी आजी.

जाताना डेक्कन क्वीन. पुण्याहून ७.१५ ला सुटते आणि दहाच्या सुमारास दादरला येते. सीएसएमटीपर्यंत जायचं नाही, दादरलाच उतरायचं. तिथपर्यंत जाऊन पुन्हा मागे येण्यात पाऊण तास फुकट जातो. आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ ला उघडतं. म्हणजे २७ डिसेंबरच्या तिकिटासाठी २८ ऑक्टोबरला सकाळी बसायचं, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून चालणार नाही. नाताळच्या आठवड्यातल्या सहा जागा एकत्र हव्या असतील तर दुसरा उपाय नाही. ती हुकली तर सिंहगड एक्स्प्रेस आहे, पण ती सहाच्या सुमारास निघते, आणि मूल-आजीला पहाटे चारला उठवलं की संध्याकाळचे दिवे बघायला दोघांपैकी कुणीही जागं राहत नाही. चहा-नाश्ता गाडीतच उरका, क्वीनला स्वतःचा खानपान डबा आहे. दादर यायच्या आधी सगळ्यांनी गाडीतलं स्वच्छतागृह वापरून घ्या. पुढची बरी सोय थेट जेवायला बसाल तिथे.

कपड्यांचं आधीच सांगून ठेवतो. पुण्यात सकाळी थंडी कडाक्याची असते, मुंबईत दुपारी तीस अंशांच्या आसपास उकडतं. जाड स्वेटर घातलात तर दिवसभर हातात वागवावे लागतील. आत सुती शर्ट, वर घडी होऊन पिशवीत मावेल असं काहीतरी पातळ. आजीची शाल चालते, ती परतीच्या एसी बसमध्ये पुन्हा लागतेच.

दादरला क्वीन मध्य रेल्वेच्या बाजूला लागते. फलाटांचे आकडे २०२३ च्या डिसेंबरात बदलले: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या आठवणीवर जाऊ नका, पुलावरच्या पाट्या वाचा. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे या आणि लोकलचं जाता-येताचं तिकीट एकदमच काढा. क्वीनचं तिकीट या लोकलला चालत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. वांद्रे किंवा अंधेरी धिमी लोकल घ्या. विरार फास्ट रिकामी दिसली तरी सोडून द्या. वांद्र्याला तीही थांबते, पण दारातली माणसं बोरिवलीच्या पुढे जाणारी असतात आणि आजीला उतरू द्यायला बाजूला सरकायला त्यांना जागाच नसते. सकाळची गर्दी चर्चगेटकडे वाहते आणि आपण उलट्या दिशेला निघालेले असतो, त्यामुळे धिम्या गाडीत बसायलाही मिळतं. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे: तिसरं स्टेशन. बायका महिला डब्यात आणि पुरुष दुसरीकडे अशी फाटाफूट झालीच, तर हे ‘तिसरं’ सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असू द्या.

वांद्र्याला पश्चिमेला बाहेर पडून रिक्षा करा आणि थेट टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चला जा. सहा जणांना दोन रिक्षा लागतात. बरेच लोक हिल रोडने चालत चढायला सुरुवात करतात आणि निम्म्यात दमतात. आपण उलटं करायचं: वर रिक्षाने, खाली पायी. संपूर्ण दिवस उताराचा होतो.

माउंट मेरी म्हणजे आपल्या जुन्या माणसांची मोतमाऊली. सध्याची इमारत १९०४ ची, तिची मोठी जत्रा सप्टेंबरात. नाताळात इथे त्या मानाने शांत असतं. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली असतात. ज्याचं दुखणं त्याचा अवयव वाहायचा असा नवस असतो. मुलांना या टपऱ्यांपाशी पाच मिनिटं थांबू द्या, प्रश्न आपोआप येतात. आजीसाठी पाय घ्यावासा वाटला तर घ्या आणि मागे न ठेवता तिथेच वाहा. पिशवीत घालून फिरवलात तर दुपारच्या उन्हात तो वाकतो.

चर्चमध्ये चपला काढायची पद्धत नाही. डोकंही झाकावं लागत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा आणि फोन खिशात ठेवा. एक गोष्ट मात्र मुलांना आत जायच्या आधीच समजावून सांगा. मिस्सेत शेवटी शेवटी सगळे रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू प्रत्येकाला एक पांढरी चकती देतात. आपल्याकडची माणसं प्रसाद समजून भाविकपणे रांगेत उभी राहतात. तो प्रसाद नाही. त्यांच्या श्रद्धेनं ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि बाप्तिस्मा आणि तयारी झालेल्या कॅथलिकांनाच ते घेता येतं. रांगेत जाऊन मग ती चकती खिशात टाकणं किंवा मुलाला अर्धी देणं हे त्यांना फार लागतं. आपण जागेवर बसून राहिलं की झालं, कुणालाही ते वावगं वाटत नाही.

तिथून माउंट मेरी रोडने खाली उतरलं की हिल रोडचं पश्चिमेचं टोक, मेहबूब स्टुडिओपाशी. थोडं पुढे सेंट अँड्र्यूज चर्च, मूळ बांधणी १५७५ ची, पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांची. त्याच्या मागे समुद्राच्या अंगाला चिंबई हा कोळीवाडा आहे. वाळत घातलेली जाळी आणि त्यांच्या वर लटकणाऱ्या कागदी चांदण्या एकाच नजरेत येतात, तेवढ्यासाठी दहा मिनिटं आत जाऊन या. मग जेवण. साडेबाराच्या आत बसा, नंतर जागा मिळत नाही. दोन तास बसून काढले तरी चालतील, आजीचे पाय मोकळे होतात आणि उन्हाचा कडाका टळतो.

दिवसाचा खरा गाभा म्हणजे रनवार. वरोडा रोड, व्हेरोनिका स्ट्रीट आणि चॅपल रोडचा परिसर, साडेतीननंतर. हे गावठाण आहे. बाहेरून लाकडी जिना चढणारी कौलारू घरं, अरुंद बोळ. इथले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन. नावावरून परके वाटतात, पण हे उत्तर कोकणातले, साष्टी-वसईकडचे मराठी ख्रिस्ती. गोव्या-मंगळूरहून कामासाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, त्यांनी हे नाव घेतलं. त्यांची घरातली बोली मराठीचीच आहे. ओट्यावर बसलेल्या आजीबाईंशी आपल्या आजीला मराठीत बोलू द्या. ‘गव्हाणी बघू का?’ असं विचारलं की बहुतेक जण प्रेमानं दाखवतात. न विचारता खिडकीतून फोटो काढले तर रागावतात, आणि ते बरोबरच आहे, लोकांची राहती घरं आहेत ती.

गव्हाणी जवळून बघा. गवताचं छप्पर, कागद चुरगळून रंगवलेले डोंगर, आणि खाली हिरवीगार जमीन. ही हिरवळ बऱ्याचदा खरी असते: ताटलीत माती घेऊन नाचणी पेरतात, कोंब बोटभर झाले की देखाव्यात ठेवतात. आपण घटस्थापनेला धान्य पेरतो, अगदी तसंच. बाळाची जागा २४ च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात, म्हणून २५ च्या आधी आलात तर गव्हाण रिकामीच दिसते. उंटांवरचे तीन राजे काही घरांत लांब कोपऱ्यात ठेवलेले असतात आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवत सहा जानेवारीला बाळापाशी आणतात. ते कुठवर आलेत हे मुलांना प्रत्येक घरात शोधायला लावा. तसेच कोपऱ्याकोपऱ्यावरचे क्रूस. यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या साथीत रोग गावात शिरू नये म्हणून उभारलेले, काहींवर साल कोरलेलं आहे.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रनवारमधल्या चांदण्या त्यानंतर पेटतात, आणि यासाठीच परतीला ५.१० ची क्वीन धरायची नाही. धरलीत तर साडेतीनलाच वांद्रे सोडावं लागतं आणि एकही दिवा न बघता घरी जाता. आजी फारच दमली तर एका मोठ्या माणसासोबत तिला क्वीनने पाठवता येतं, तेवढ्या दोन जागा आधीच काढून ठेवा.

खरेदी सगळ्यात शेवटी, हिल रोडवरून स्टेशनकडे चालताना. चांदण्या घडीच्या घ्या, उघडलेली चांदणी लोकलमध्ये टिकत नाही. गोडधोडाचं मात्र नीट विचारून घ्या. शाकाहारी घरांसाठी: नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, पेरूची वडी, दोदोल आणि मिल्क क्रीम (दुधाच्या छोट्या वड्या) यांत सहसा अंडं नसतं. थाळी स्वीट रवा-नारळाचं असलं तरी त्यात अंडी असतात, मार्झिपॅनमध्ये बदाम-काजूबरोबर अंड्याचा पांढरा भाग. कुलकुल दोन्ही प्रकारचे मिळतात. प्लम केकमधला सुकामेवा बहुधा रममध्ये भिजवलेला असतो, मुलांसाठी बिनदारूचा वेगळा मागा. तो बांधून दिला की पुण्यापर्यंत आरामात येतो. क्रीमचा केक घेऊ नका, चार तासांत खोक्याला चिकटून त्याचा लगदा होतो. मिल्क क्रीम स्टीलच्या डब्यात एकावर एक न ठेवता कागद घालून भरा. हा डबा घरूनच न्यायचा.

साडेसातला वांद्रे स्टेशन. या वेळी दादरकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी, पलीकडच्या फलाटावर चिक्कार. दादरला मात्र पश्चिमेला बाहेर पडू नका. पूल ओलांडून पूर्वेला या, शिवनेरी तिथून सुटते. जागा आधी आरक्षित करा, नऊची धरा, आठची धरलीत तर शेवटचा अर्धा तास पळापळ होते. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत, पण वयाचा पुरावा म्हणून आजीचं आधार कार्ड जवळ हवं. शुक्रवारी रात्री घाटात गाड्या तुंबल्या तर पुण्याला पोचायला दोन वाजतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचंही काही ठरवून ठेवू नका. बसमध्ये चढायच्या आधी दादरलाच पाण्याच्या दोन बाटल्या आणि मुलासाठी एक कोरडा शर्ट हाताशी काढून ठेवा. दिवसभराच्या घामावर एसी लागला की सकाळी शिंका सुरू होतात.