घरच्या तव्यावर खरपूस याकिसोबा

जपानमध्ये याकिसोबाचं, म्हणजे भाज्या आणि सॉस घालून तव्यावर परतलेल्या नूडल्सचं, कुणी फार कौतुक करत नाही. रविवारची दुपार, फ्रीजमध्ये उरलेला अर्धा कोबी आणि स्वयंपाकाचा कंटाळा, अशा वेळी घरोघरी होणारा हा पदार्थ. त्यामुळे तो कसा करायचा हे कुणी शिकवतही नाही. सुपरमार्केटमध्ये तोफूच्या आसपासच्या थंड कपाटात तीन जणांचं पाकीट मिळतं, मागे चार चित्रांत कृती असते, तीच सगळे करतात.

टोकियोतल्या निशिकासाईला राहायला आल्यावर मीही तसंच करत होते. पण चोनाइकाइच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या रहिवासी मंडळाच्या, उन्हाळी मात्सुरीत, म्हणजे जत्रेत, मदतीला उभी राहिले आणि तिथला याकिसोबा खाल्ल्यावर घरच्यावर समाधान होईना. गॅसच्या शेगडीवर भलामोठा लोखंडी पत्रा, दोन हातांत दोन उलथणी, आणि पत्र्यामागे सत्तरीचे एक आजोबा. आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर त्यांनी पत्र्याचा एक कोपरा खरवडून, पुसून घेतला आणि आमच्यासाठी तिथे वेगळा केला. कडेने करकरीत, आत चिवट, आणि सॉसला किंचित जळका वास. मी विचारलं, घरी असा का होत नाही? ते म्हणाले, "पाणी घालता ना? घालू नका. आणि सारखं हलवू नका."

माझी पुढची सगळी खटपट या दोन वाक्यांभोवतीच झाली.

पाकिटावरच्या कृतीत नूडल्स भाज्यांवर ठेवून थोडं पाणी घालायचं असतं, म्हणजे वाफेने त्या सुटतात. सुटतात खऱ्या, पण मऊ होतात. मुळात या नूडल्स कारखान्यातच वाफवलेल्या असतात. गव्हाच्या पिठात कान्सुई नावाचं क्षारयुक्त पाणी घालून मळतात, त्याने पिवळसर रंग आणि तो चिवटपणा येतो. त्या शिजवायच्या नसतातच, फक्त गरम करायच्या आणि भाजायच्या असतात. फ्रीजमधून काढल्यावर त्यांचा घट्ट गठ्ठा असतो. तो थंड असताना ओढला तर तुकडे पडतात. मग मी पाणी सोडून मायक्रोवेव्ह धरला. पुडीला एक चीर देऊन साधारण मिनिटभर गरम केलं की नूडल्स बोटांनी अलगद सुटतात, आणि तव्यावर थेंबभरही जास्तीचं पाणी जात नाही.

मग तवा. आधी तो चांगला तापू द्यायचा, चमचाभर तेल, आणि त्यावर फक्त नूडल्स पसरायच्या. भाज्या नाहीत, काही नाही. दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. थालीपीठ जसं एका बाजूने सुटेपर्यंत आपण उलथणं घालत नाही, तसंच. खालून तपकिरी जाळी धरली की अख्खा थर उलटायचा, दुसरी बाजू थोडी कमी भाजायची आणि ताटात काढून ठेवायचा. सव्वीस सेंटिमीटरच्या तव्यात एका वेळी दोनच पुड्या, म्हणजे 300 ग्रॅम. तिसरी घातली की तवा थंडावतो आणि नूडल्स भाजायच्याऐवजी वाफवल्या जातात. चौघांसाठी करायचं असेल तर मी दोनदा करते. ज्यांच्याकडे टेबलावर ठेवायची हॉटप्लेट आहे, आणि बऱ्याच जपानी घरांत ती असते, त्यांना सगळं एकदम करता येतं. पसरायला जागा हवी, मुद्दा तेवढाच.

भाज्यांतही पाण्याचंच भांडण. कोबीचे मोठे, तीन-चार सेंटिमीटरचे चौकोन करते, कारण बारीक चिरलेला कोबी पटकन पाणी सोडतो. जाड देठ मात्र पातळ कापायचे. मोयाशी, म्हणजे इथे मिळणारे मुगाचे लांब पांढरे मोड, आधीच धुऊन कापडावर पसरून ठेवते. कांदा, गाजर, कोबी मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, मोड सगळ्यात शेवटी. मीठ अजिबात नाही. सॉस खारट असतोच, आणि मिठाने भाजीला पाणी सुटतं. कोबी कच्चट वाटतोय असं वाटलं की तेव्हाच नूडल्स परत घालायच्या.

सॉसवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. पाकिटातल्या सॉसच्या भुकटीत बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचा अर्क असतो. 'डुक्कर' या अर्थाची कांजी, म्हणजे जपानी लिपीतलं चित्राक्षर, मी किराणा आणताना शिकले. शाकाहारी माणसाने जपानमध्ये पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावी अशी ती आहे. घटकांच्या यादीखालीच ॲलर्जीच्या पदार्थांची यादी असते, तिथेही ती शोधते. याकिसोबाच्या तयार बाटल्यांमध्येही अनेकदा मांसाचा नाहीतर कालवांचा अर्क निघतो. मग मी साध्या वूस्टर सॉसकडे वळले. जपानी वूस्टर बराचसा भाज्या, फळं, व्हिनेगर आणि मसाल्यांवर उभा असतो. तो पातळ, मधल्या दाटपणाचा तो चुनो, आणि सर्वांत दाट तोन्कात्सुचा, म्हणजे तळलेल्या कटलेटवर घालायचा. दोन पुड्यांना मी दोन मोठे चमचे वूस्टर, एक मोठा चमचा चुनो, एक छोटा चमचा सोया सॉस आणि चिमूटभर साखर घेते. पांढरी मिरी सढळ हाताने. दाट सॉस जास्त झाला तर नूडल्स गोड आणि चिकट होतात, म्हणून पातळाचं प्रमाण मोठं.

सॉस घालायची तऱ्हा मी आजोबांच्या हाताकडे बघून उचलली. अर्धा नूडल्सवर, अर्धा तव्याच्या रिकाम्या, तापलेल्या कडेवर. कडेवर तो चर्र करून फसफसतो, व्हिनेगरचा उग्रपणा उडून जातो, साखर करपायच्या बेतात येते, आणि त्याच क्षणी नूडल्स त्यावर ओढून घ्यायच्या. अर्ध्या मिनिटात गॅस बंद. मात्सुरीच्या गल्लीत शिरल्यावर जो वास येतो तो स्वयंपाकघरात पहिल्यांदा आला, तेव्हा मुलगा खोलीतून धावत आला होता.

वरून आओनोरी, ही हिरव्या शेवाळाची भुकटी, आणि लाल बेनी शोगा, म्हणजे मिठात मुरवलेल्या उमे फळांच्या खारट-आंबट पाण्यात मुरवलेलं आलं. हे आलं ऐच्छिक समजू नका. तेलकट, गोडसर घासानंतर जीभ स्वच्छ करायचं काम तेच करतं. आमच्याकडे अंडं चालतं, म्हणून कधी अकिता प्रांतातल्या योकोतेची पद्धत करते: वर एका बाजूने तळलेलं, पिवळं बलक पातळ राहिलेलं अंडं आणि शेजारी फुकुजिनझुके लोणचं.

हे सगळं हातात बसल्यावर फुजिनोमियाला गेलो. फुजी पर्वताच्या पायथ्याचं हे गाव याकिसोबासाठीच ओळखलं जातं. गावोगावच्या साध्या खाण्याच्या स्पर्धेत, 2006च्या पहिल्या बी-१ ग्रां प्रीमध्ये, तेच पहिलं आलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सेंगेन देवळासमोरच्या गल्लीत उभी राहून मी नुसता पत्रा बघत होते. तिथे चक्क पाणी घालतात! पण नूडल्स वेगळ्या: वाफवल्यावर उकळत नाहीत, झटपट गार करून तेल लावतात, म्हणून त्या कोरड्या आणि खूप कडक असतात आणि पाणी पिऊनही चिवट राहतात. वर सार्डिन माशाची भुकटी आणि डुकराच्या चरबीचा चोथा असल्याने मला खाता आलं नाही. तरी ती फेरी मोलाची ठरली. पाणी कधी घालायचं आणि कधी नाही, ते नूडल्स ठरवतात, हे तिथे समजलं.

त्याचा उपयोग पुण्यात झाला. तिथे ताज्या नूडल्स हाताशी नव्हत्या, म्हणून साध्या सुक्या हाका नूडल्स घेतल्या. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा मिनिटभर कमी उकळायच्या, पाण्यात चमचाभर खायचा सोडा. सोड्याने कान्सुईसारखा चिवटपणा थोडाफार येतो. जास्त झाला तर साबणासारखी चव लागते, तेव्हा हात आखडताच ठेवा. मग गार पाण्याने धुऊन, तेल चोळून, पंख्याखाली ताटात तासभर पसरायच्या. पुढचं सगळं तसंच, बिडाच्या तव्यावर तर जास्तच छान. वूस्टर घेताना मात्र लेबल वाचा, इंग्लिश पद्धतीच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो.

उरलाच तर दुसऱ्या दिवशी सोबामेशी. कोबेच्या नागाता भागातला हा प्रकार: नूडल्स उलथण्याच्या धारेने बारीक तोडायच्या आणि भाताबरोबर परतायच्या. भात आदल्या दिवशीचा, गार आणि मोकळा घ्या, आणि सॉस पुन्हा तव्याच्या कडेवरच ओता.