तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सेट की संकलनाची खोली?

चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी मला वरचेवर विचारतात, की शिकत असताना इंटर्नशिप करायची झाली तर ती सेटवर करावी की संकलनाच्या खोलीत? विचारणाऱ्याचा कल बहुतेक वेळा सेटकडे असतो आणि ते स्वाभाविकही आहे. कलाकार, दिवे, कॅमेरा, धावपळ सारे तिथेच असते. तरीही माझे उत्तर संकलनाची खोली हेच आहे. मी स्वतः संकलनाचेच काम करतो, त्यामुळे हे उत्तर पक्षपाती वाटण्याचा संभव आहे. म्हणून कारणे जरा सविस्तर मांडतो.

सेटवर इंटर्नला बहुधा दिग्दर्शन किंवा निर्मिती विभागाला जोडून देतात. कॉल शीट (कोणी केव्हा, कुठे हजर राहायचे याचे त्या दिवसाचे पत्रक) पोहोचवणे, कलाकाराला मेकअप रूममधून बोलावून आणणे, टेक (शॉटचे एकेक वेळचे चित्रीकरण) चालू असताना येणाऱ्याजाणाऱ्याला थोपवून धरणे अशी कामे त्याच्या वाट्याला येतात. ही कामे हलकी मुळीच नाहीत. ती झाली नाहीत तर चित्रीकरण अडते. पण भिंतीपलीकडे रस्ता अडवून उभ्या असलेल्या मुलाला दिग्दर्शकाने तोच शॉट पुन्हा का घेतला याचा पत्ता लागत नाही आणि विचारायचीही सोय नसते, कारण ज्याला विचारायचे तो घड्याळाकडे पाहत असतो.

संकलनाच्या खोलीत तोच शॉट सगळ्या टेकसह समोर येतो आणि हवा तितक्या वेळा थांबवून पाहता येतो. इंटर्नला सुरुवातीला मिळणारे काम वरवर कंटाळवाणे असते: कार्डावरचे चित्रण हार्ड डिस्कवर उतरले का ते तपासणे, त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करणे, फायलींना नावे देणे आणि चित्राशी ध्वनी जुळवणे. या शेवटच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे. चित्रपटाचा ध्वनी बहुधा कॅमेऱ्यापासून स्वतंत्र यंत्रावर ध्वनिमुद्रित होतो. त्यामुळे टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर वाजवतात त्या क्लॅपची फळी खालच्या पाटीला टेकते ती नेमकी फ्रेम (चित्रणातले एकेक स्थिर चित्र) एकीकडे शोधायची, ध्वनीच्या आलेखातला त्या क्षणाचा उंच सुळका दुसरीकडे शोधायचा आणि दोन्ही एकावर एक आणून ठेवायचे. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंदांची होते आणि तीन-चार फ्रेमचा फरक राहिला, की ओठ आणि शब्द यांचे बिनसल्याचे सरावलेल्या कानाला लगेच कळते. आता टाइमकोडमुळे (चित्र आणि ध्वनी दोन्हींसोबत नोंदल्या जाणाऱ्या वेळेच्या आकड्यांमुळे) हे काम पुष्कळदा आपोआप होते, पण टाइमकोड सरकलेला निघाला की पुन्हा क्लॅपच शोधावी लागते. ती सुरुवातीला सापडली नाही तर शॉटच्या शेवटी जावे. तिथे कोणीतरी ती उलटी धरून वाजवलेली असते.

हे करता करता सेटवरच्या प्रत्येक शिस्तीचे कारण उमगत जाते. पॅकअपच्या घाईत अर्धा मिनिट सर्वांना गप्प उभे करून रिकाम्या जागेचा आवाज का मुद्रित करतात, हे तो आवाज घ्यायचा राहून गेलेल्या प्रसंगात दोन संवादांमधली फट भरताना समजते. एका टेकमध्ये पेला उजव्या हातात आणि दुसऱ्यात डाव्या हातात असेल, तर अभिनय कितीही सरस असो, त्या दोन टेकची सांधणी करताना संकलकाला कोणाच्या तरी चेहऱ्याचा आसरा घ्यावा लागतो. आणि तसा क्लोजअप कोणी घेतलाच नसेल, तर चांगला टेक बाजूला ठेवून बरा टेक घ्यावा लागतो. दिग्दर्शक होऊ पाहणाऱ्याने हे एकदा जवळून पाहिले, की पुढे शॉटची यादी करताना तो त्या क्लोजअपसाठी भांडेल. रोज भाग प्रसारित होणाऱ्या मालिकेत तर हा धडा अधिक लवकर मिळतो, कारण तिथे तडजोडीवर विचार करत बसायला रात्रसुद्धा मिळत नाही.

माझ्या उत्तराला एक मोठी मर्यादा आहे. या व्यवसायात पुढचे काम बहुधा ओळखीतून मिळते आणि संकलनाच्या खोलीत ओळखी होतात त्या संकलक, त्यांचे सहायक आणि अधूनमधून येणारे दिग्दर्शक यांच्याशी. सेटवर दिवसभरात पन्नास माणसे नावानिशी ओळखू लागतात. म्हणून दुसरी इंटर्नशिप सेटवर जरूर करावी. ज्याला छायाचित्रण, प्रकाशयोजना किंवा कलादिग्दर्शनच करायचे आहे, त्याने तर माझे न ऐकता थेट सेटवरच जावे. दिवा कसा लावतात हे पडद्यावर पाहून शिकता येत नाही.

कुठेही गेलात तरी कामाचे तास, कालावधी, मानधन असल्यास त्याची रक्कम आणि श्रेयनामावलीत नाव येणार की नाही, एवढे आधी लेखी घ्यावे. संकलनाच्या खोलीत आणखी एक विचारून ठेवावे, ते म्हणजे तुम्ही हाताळलेल्या कामातले काही स्वतःच्या शोरीलमध्ये (आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या चित्रफितीत) दाखवता येईल का आणि केव्हा. प्रदर्शनापूर्वी बहुधा नाहीच म्हणतात आणि ते रास्तच असते. मात्र तास आणि श्रेय कागदावर द्यायलाच कोणी टाळाटाळ करू लागले, तर ते काम कितीही मोठ्या नावाचे असले तरी घेऊ नये, असे माझे मत आहे.