प्रसाद चालतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला दर श्रावणात येतो: "तुम्ही ख्रिश्चन ना, मग सत्यनारायणाचा प्रसाद चालतो का तुम्हाला?"

मला नाही चालत. दिवाळीचा फराळ चालतो, लग्नाचं जेवण चालतं, प्रसाद नाही. आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बिनदिक्कत खाणारेही आहेत आणि त्यांचा विश्वास माझ्याहून तोळाभरही कमी नाही. वाद जुनाच आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारात देवळात वाहिलेलं मांस विकायला यायचं, ते खावं का, असं तिथल्या मंडळीनं येशूचा प्रेषित पौल याला विचारलं होतं. त्याचं म्हणणं असं, की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा पुढे येईल ते चौकशी न करता खा. पण कुणी सांगितलंच, 'हे वाहिलेलं आहे', तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आता शेजारच्या काकू वाटी पुढे करताना 'प्रसाद आहे हं' असं सांगतातच!

लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी हाच पेच उलटा होता. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी काही काळ सोवळं सांभाळून वेगळं शिजवून खात होत्या. संसार दोघांचा, चुली दोन.

काकूंना मी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं. वाटी घेऊन गुपचूप कामवालीच्या हातात देणं मला पटत नाही, तो त्यांचाही अपमान आणि तिचाही. काकू क्षणभर गप्प झाल्या. पुढच्या पूजेला दोन डबे घेऊन दारात उभ्या. "हा सव्वाच्या मापातला नाही. तुमच्यासाठी दुसऱ्या कढईत केलाय. केळंही नाही घातलं, म्हणजे घोटाळा नको." उपासाच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत, दुसरी कढई! शेजाऱ्यावर प्रीती करा, हे मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले आहे. काकूंनी ते कधी वाचलेलंही नसेल.

खरं सांगायचं तर प्रसादाचा प्रश्न सोपा आहे. तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, तोंडातून निघतं त्यानं विटाळतो, असं प्रभूनंच म्हटलंय. मला जड जातो तो महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, अशी आज्ञा आहे. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवरून आमच्या घरात बोलणं तुटलेलं. भाकर आणि प्याला पुढे येतो तेव्हा कोण हात आखडतं, हे सगळी मंडळी बघत असते.

म्हणून आदल्या शनिवारी मी जावेला फोन करते. वाटणीचा विषय काढत नाही. पाऊस, तूर, सासूबाईंचे गुडघे, एवढंच. कधी ती उचलते, कधी नाही.