आमची वाटचाल: एका सावलीपासून

खेळासाठी नवे मंत्र लिहून छापणाऱ्या आमच्या छोट्या प्रकाशनाची सुरुवात एका मंत्राने झाली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायच्या खेळाच्या आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेत, एका मैत्रिणीच्या विझार्डला (जादूगार पात्राला) शत्रूला त्याच्याच सावलीने बांधून ठेवायचं होतं. नियमांत तसा मंत्र सापडेना, म्हणून मी एका रात्रीत लिहून दिला. ताकदीची दुसरी पातळी, पल्ला 60 फूट, सेव्हिंग थ्रो (मंत्रातून वाचण्यासाठी टाकलेला फासा) हुकला की एक मिनिट वेग शून्य. नाव ठेवलं 'छायाबंध'.

पुढच्याच सत्रात तिने तो दरीवर उडणाऱ्या तरुण ड्रॅगनवर टाकला. खेळाच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीत उडणाऱ्याचा वेग शून्य झाला आणि त्याला अधांतरी तरंगता येत नसेल, तर तो कोसळतो. पडण्याची इजा दर 10 फुटांना एक डी6 (सहा बाजूंचा फासा), कमाल 20 डी6. दरी खोल होती, त्यामुळे पुरे 20 फासे पडले. त्यांची सरासरी होते 70. तिसऱ्या पातळीच्या फायरबॉल या आगीच्या मंत्राचे 8 डी6 सरासरी 28 देतात. माझ्या मंत्रात इजेबद्दल एक अक्षरही नव्हतं. लढाई तिथेच आटोपली, टाळ्या पडल्या. पण ज्या दोघांची पाळी आलीच नाही, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

मी पातळी चारवर न्यायला निघालो होतो. आज माझी भागीदार असलेली आमची डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, म्हणाली, "पातळी वाढवून भोक बुजत नाही, नुसतं महाग होतं. आधी सांग, सावली धरायची तर ती असते कुठे?"

त्या प्रश्नावर आम्ही दोन आठवडे घालवले. सावली पायाला चिकटलेली असते, म्हणून लक्ष्याचे पाय जमिनीवर हवेत. सावलीला उजेड लागतो, म्हणून उजेड गेला की मंत्र सुटतो. जोडीला कॉन्सन्ट्रेशन घातलं: विझार्डला तेवढा वेळ दुसरा तसा मंत्र धरता येत नाही आणि मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाचा फासा) द्यावा लागतो, 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मा, जो आकडा मोठा असेल तो गाठून. शिवाय बांधलेल्याला प्रत्येक पाळीच्या शेवटी सुटायची संधी. पुन्हा खेळलो तेव्हा शत्रू मशाली विझवायला धावले, फायटर मशालीपुढे ढाल घेऊन उभा राहिला, रॉगने (चपळ चोर-पात्राने) विझलेली मशाल पुन्हा पेटवली. चौघांनाही काम मिळालं. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की हेच करायचं.

जानेवारी 2023 मध्ये एसआरडी 5.1 हा मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिलं की त्यावर बांधलेलं काम विकता येतं, आणि आमच्यासारख्या दोन माणसांच्या फर्मला तेवढा आधार पुरला. पहिल्या पुस्तिकेसाठी 30 मंत्र लिहिले, छापले 18. गळालेल्यांपैकी बरेचसे फायरबॉलशी तुलना करून बेतलेले होते. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमधला तक्ता तिसऱ्या पातळीला अनेक लक्ष्यांसाठी 6 डी6 सुचवतो; फायरबॉल स्वतःच त्याच्या वर आहे. त्याला माप धरलं की नवा मंत्र आधीच जड होतो. नव्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच भेटीत सांगतो.

पुस्तिका निघाल्यावर एका वाचकाने आमच्या काटेरी धुक्याच्या मंत्रातली चूक पकडली. 'धुक्यात शिरताच इजा' असं आम्ही लिहिलं होतं. त्याच्या गटाने एकाच शत्रूला ढकलून, ओढून, पुन्हा ढकलून एका पाळीत तीनदा आत घातलं. 'एका पाळीत पहिल्यांदा शिरल्यावर' एवढे शब्द घालून आम्ही सुधारित प्रत सगळ्या खरेदीदारांना पाठवली. तेव्हापासून प्रत्येक मंत्र आमच्या ओळखीबाहेरच्या किमान एका गटाकडे जातो. मंत्र लिहिणारा टेबलावर नसतो, त्यामुळे त्याच्या मनातला अर्थ कुणाला विचारता येत नाही.

सध्या टेबलावर नववी पातळी आहे. एका माणसाचं नाव सगळ्यांच्या स्मरणातून पुसणारा मंत्र. सेव्हिंग थ्रो ठरला, पल्ला ठरला. पण ज्याचं नाव पुसलं, त्याला स्वतःला ते आठवतं की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.